माणसाला गुण्या लावताना

मूल जन्माला आलं की दाराबाहेर ताटकळणारी माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात, "सगळं नॉर्मल आहे ना?" मुलगा की मुलगी, वजन किती, कुणासारखं दिसतं, हे सगळं त्यानंतर. त्या क्षणी या शब्दाला पर्याय नाही आणि असावा असंही मला वाटत नाही. जीव टांगणीला लागलेल्या माणसाला दिलासा हवा असतो, व्याख्या नको असते.

पण हाच शब्द पुढे तपासणीच्या रिपोर्टात येतो, शाळेच्या शेऱ्यात येतो, मानसोपचाराच्या दाखल्यात येतो, कधी न्यायालयाच्या निकालापर्यंत जातो. तिथे तो दिलासा देत नाही, निवाडा देतो. आणि निवाडा कशाच्या आधारावर दिला, ते सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ज्या कागदावर माणसाचं भलंबुरं ठरतं, त्या कागदावरून 'नॉर्मल' हे विशेषण काढून टाकावं. बोलण्यात ते खुशाल राहू दे. कागदावर मात्र काय मोजलं, कशाशी ताडून पाहिलं आणि त्यातून कोणता धोका दिसतो, एवढं साध्या शब्दांत लिहावं.

हे म्हणणं टोकाचं वाटेल. एका विशेषणावर एवढा राग कशासाठी? त्याचं उत्तर त्या शब्दाच्या जन्मकथेत आहे.

लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं दोन भुजांचं साधं हत्यार. 'नॉर्मालिस' म्हणजे गुण्यात असलेलं. आपल्याकडचा गवंडी भिंतीकडे डोळा बारीक करून "कोपरा गुण्यात नाही" म्हणतो, तेव्हा तो त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच उच्चारत असतो. इंग्रजीत 'नॉर्मल' सतराव्या शतकात रुळला तो भूमितीतला शब्द म्हणून: पृष्ठभागाला काटकोनात उभी असलेली रेषा. मराठीतून विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने ही रेषा स्वतःच्या हाताने काढलेली आहे. आरसा, त्यावर पडणारा किरण, परतणारा किरण आणि मधोमध ती तुटक रेषा, स्तंभिका. इंग्रजी पुस्तकात तिचंच नाव नॉर्मल. दक्षिणेकडच्या आकाशात नॉर्मा नावाचा एक लहानसा तारकासमूह आहे. अठराव्या शतकात लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने आकाशात कारागिरांची आणि शास्त्रज्ञांची उपकरणं मांडली, त्यातला हा गुण्या.

याच घराण्यातले आणखी शब्द आहेत. 'इनॉर्मस' म्हणजे गुण्याच्या बाहेर गेलेलं. आज त्याचा अर्थ प्रचंड असा होतो, पण आधी त्याचा अर्थ घोर, अनाचारी असा होता, आणि 'इनॉर्मिटी'त तो दर्प अजून आहे. 'रेग्युलर' आला 'रेग्युला'पासून, म्हणजे सरळ रेघ मारायच्या पट्टीपासून. कारागिराची हत्यारं माणसाच्या वागण्याला लावायची ही खोड काही एकट्या युरोपची नाही. आपणही माणसाला सरळ म्हणतो, वाकडा म्हणतो, त्याचं पाऊल वाकडं पडलं म्हणतो.

या मूळ अर्थातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गुण्या मोजणी करत नाही. गावातल्या शंभरपैकी नव्वद भिंती कललेल्या असल्या तरी गुण्या त्यांना सरळ म्हणणार नाही, आणि एकच भिंत काटकोनात असली तर ती एकटीच काटकोनात. बहुमताचा आणि गुण्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे जन्माला आला तेव्हा 'नॉर्मल' या शब्दात 'बहुतेकांसारखा' हा अर्थ नव्हताच. तो नंतर आला, आणि आला तेव्हा जुना अर्थ बाहेर न घालवता त्याच्याच शेजारी येऊन बसला. सगळा घोटाळा या शेजाराचा आहे.

हे घडलं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकात, तीन वाटांनी. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९४ साली 'एकोल नॉर्माल' निघाली. शिक्षक घडवणारी ही शाळा, जिच्याकडे पाहून बाकीच्या शाळांनी आपलं शिकवणं बेतायचं. इथे नॉर्मल म्हणजे आदर्श, नमुन्यादाखल. ही कल्पना अमेरिकेत गेली. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला तिथली पहिली सरकारी नॉर्मल स्कूल सुरू झाली. इलिनॉयमधल्या एका गावाने तर तिथल्या शिक्षक-विद्यापीठावरून १८६५ मध्ये स्वतःचं नावच 'नॉर्मल' ठेवलं आणि ते आजही आहे. त्याच काळात फ्रेंच वैद्यक शरीराच्या निरोगी अवस्थेला नॉर्मल म्हणू लागलं होतं. इथे नॉर्मल म्हणजे आजार नसलेला. आणि मग आकडेवाले आले.

बेल्जियमचा आदोल्फ केतले मुळात खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा आकडे येतात. खरी जागा एकच असते, बाकी मोजणाऱ्यांच्या चुका. त्या चुका आलेखावर मांडल्या की मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा घंटेसारखा वक्र तयार होतो. केतलेने स्कॉटलंडच्या पाच हजारांहून जास्त सैनिकांच्या छातीची मापं घेतलेला तक्ता पाहिला आणि त्याला तिथेही तसाच वक्र दिसला. यातून त्याने जी उडी मारली तिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. सैनिकांची सरासरी छाती म्हणजे जणू ताऱ्याची खरी जागा, आणि प्रत्यक्षातला हरेक सैनिक म्हणजे निसर्गाकडून झालेली लहानमोठी चूक. एकाच पुतळ्याच्या हजार नकला कराव्यात आणि प्रत्येक थोडी थोडी बिघडावी, तसं. त्याचा 'सरासरी माणूस' आधीच १८३५ सालच्या ग्रंथात अवतरला होता, आणि तो नुसता सरासरी नव्हता, तो नमुना होता.

ताऱ्याला एक खरी जागा असते. माणसाच्या छातीला एक खरं माप असतं का? या प्रश्नापाशी थांबायला हवं होतं, आणि कुणी थांबलं नाही. संख्याशास्त्रात आजही सरासरीपासूनच्या अंतराला 'विचलन' म्हणतात. शब्द निरुपद्रवी आहे, पण ऐकून पाहा. विचलन म्हणजे ढळणं, वाटेवरून सरकणं. म्हणजे मधली वाट खरी आणि जो तिच्यावर नाही तो ढळलेला, हे आधीच ठरून गेलेलं.

पुढे इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने हाच वक्र उचलला, पण त्याला मधला माणूस नमुना वाटला नाही, सुमार वाटला. त्याचं लक्ष दोन्ही टोकांवर. एका टोकाची माणसं वाढवायची, दुसऱ्या टोकाची कमी करायची. या कल्पनेला त्याने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' असं नाव दिलं. त्याचा शिष्य कार्ल पीअर्सन. 'नॉर्मल वक्र' हे नाव रूढ करण्यात पीअर्सनचा वाटा सगळ्यात मोठा, आणि १९२० साली त्यानेच लिहून ठेवलं की या नावामुळे बाकीचे सगळे वक्र कुठल्या तरी अर्थाने अ‍ॅबनॉर्मल आहेत असा लोकांचा समज होतो, हा या नावाचा तोटा आहे. खंत व्यक्त केली ती वक्रांविषयी. माणसांविषयी नाही. स्वतः पीअर्सन युजेनिक्सचा कडवा पुरस्कर्ता होता.

माणसांचं काय झालं, ते अमेरिकेच्या नोंदींत आहे. १९०७ साली इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, मागोमाग इतर राज्यांनी. १९२७ मध्ये कॅरी बक नावाच्या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आठ विरुद्ध एक मतांनी तिची सक्तीची नसबंदी वैध ठरली. तीन पिढ्यांचे मूढ पुरेत, असं न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी. ती मुलगी पुढे शाळेत गेली, चांगल्या गुणांच्या यादीत तिचं नाव लागलं आणि आठव्या वर्षी आजाराने वारली. असे कायदे लागू होते तोवर त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. या सगळ्याचा दोष एका विशेषणावर टाकता येणार नाही, तेवढी समज मला आहे. पण ज्या समाजाने 'बहुतेकांसारखा', 'निरोगी' आणि 'आदर्श' या तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द दिला होता, त्याला एकीवरून दुसरीवर उडी मारताना मधली दरी दिसलीच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

इथे मराठीतलं एक निरीक्षण. 'नॉर्मल'ला आपण 'सामान्य' हा प्रतिशब्द देतो आणि काम भागलं असं समजतो. पण उलट शब्द घेऊन पाहा. 'असामान्य' ही मराठीत शाबासकी आहे. असामान्य कर्तृत्व, असामान्य धैर्य. आणि 'अ‍ॅबनॉर्मल'? ती शिवी आहे. ज्यांचे विरुद्धार्थी शब्द एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत ते दोन शब्द समानार्थी कसे असतील? 'सामान्य' म्हणजे सगळ्यांत समान असलेलं. त्यात गुण्या नाही, निवाडा नाही. परिभाषा घडवणाऱ्यांना हे जाणवलं असावं, म्हणूनच त्यांनी संख्याशास्त्रासाठी 'प्रसामान्य' असा वेगळा शब्द केला. तो पाठ्यपुस्तकाच्या बाहेर फारसा आला नाही, पण वेगळेपणाची जाण त्यात आहे.

आपल्या भाषेचं कौतुक करून मी इथेच थांबले तर ते खोटं होईल. गुण्याचं आणि हुकुमाचं जसं लॅटिनमध्ये एक झालं, तसंच आपल्याकडे 'प्रमाण' या शब्दात झालं आहे. प्रमाण म्हणजे माप, आणि प्रमाण म्हणजे ज्यापुढे बोलायचं नाही असा अधिकार. 'बाबा वाक्यं प्रमाणम्' मधलं प्रमाण कुठल्याही मोजपट्टीवर मिळत नाही. 'प्रमाणभाषा' म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, मोजमापासाठी घेतलेली एक बोली, की बाकीच्या बोलींनी जिच्यापुढे मान खाली घालावी अशी भाषा? ज्या मुलांना घरच्या बोलीसाठी वर्गात हसलं गेलं, त्यांना उत्तर ठाऊक आहे.

माझा धाकटा भाऊ डावखुरा. पहिलीत त्याच्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, "नॉर्मल मुलांसारखं उजव्या हाताने लिही." त्याने वर्षभर उजव्या हाताने लिहिलं, आणि त्या वर्षी तो वर्गात बोलेनासा झाला. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या मनात दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते, एवढंच. जगात साधारण दहातलं एक माणूस डावखुरं असतं. नव्वद टक्के लोक उजव्या हाताने लिहितात ही मोजणी झाली. त्यातून 'उजव्या हाताने लिहिलं पाहिजे' हा आदेश निघत नाही. पण भाषेने आधीच कौल दिलेला होता. लॅटिनमध्ये डाव्याला 'सिनिस्टर' म्हणतात आणि इंग्रजीत तोच शब्द अशुभ, कपटी या अर्थाने आला; आपण एखाद्याला बाजूला सारलं की त्याला डावललं म्हणतो.

आता वैद्यकाकडे येते, कारण या शब्दाचा सगळ्यात मोठा व्यवहार तिथे चालतो आणि तिथेच तो सगळ्यात निरागस वाटतो.

तापाचं उदाहरण घ्या. शरीराचं नॉर्मल तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, हे घोकलेलं नाही असा माणूस विरळा. हा आकडा १८६८ चा. लायपझिगच्या कार्ल वुंडरलिशने सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून लाखो नोंदी केल्या आणि ३७ अंश सेल्सिअस हा मध्य काढला. ३७ ही गोळाबेरीज आहे. फॅरनहाइटमध्ये रूपांतर करताना तिला दशांश चिन्ह चिकटलं आणि ती एकदम काटेकोर भासू लागली. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांचं तापमान पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी ३६.८ आली. पुढच्या एका अभ्यासात असंही दिसलं की अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून माणसांचं सरासरी तापमान दर दशकाला किंचित घटत आलं आहे. शिवाय एकाच माणसाचं तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं. वुंडरलिशलाही हे चढउतार ठाऊक होते. त्याने एक पट्टा सांगितला होता, लोकांनी एक ठिपका लक्षात ठेवला.

रक्ताच्या रिपोर्टातली 'नॉर्मल रेंज' कशी ठरते, हे किती जणांना कुणी समजावून सांगितलेलं असतं? निरोगी समजल्या गेलेल्या माणसांचा एक गट घेतात, निदान १२० जणांचा असावा असा संकेत आहे. त्यांचं रक्त तपासतात, आलेले आकडे चढत्या क्रमाने लावतात, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के कापतात. उरलेले ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात, ती रेंज. म्हणजे व्याख्येनेच निरोगी माणसांतला वीसातला एक या पट्ट्याबाहेर पडतो. तो आजारी आहे म्हणून नव्हे, आपण कात्री तिथे चालवली म्हणून. निरोगी माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निदान एक आकडा तरी रेंजबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के होते. बाबांच्या रिपोर्टात एका आकड्यापुढे ठळक अक्षरात 'अ‍ॅबनॉर्मल' छापलेलं होतं. डॉक्टरांची वेळ तीन दिवसांनी होती. त्या तीन रात्री ते झोपले नाहीत. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "याला काही अर्थ नाही." अर्थ नव्हता, तर छापलं कशाला?

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. एखाद्या समाजात बहुतेकांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर नुसत्या मोजणीने काढलेली रेंजही वर सरकेल आणि धोक्यातला माणूस 'नॉर्मल' म्हणून घरी जाईल. म्हणून अशा तपासण्यांसाठी आता रेंज मोजणीवरून नाही, पुढे हृदयविकार किती जणांना होतो यावरून ठरवतात. म्हणजे एकाच रिपोर्टात शेजारी-शेजारी छापलेल्या दोन रेंज दोन वेगळ्या तत्त्वांवर काढलेल्या असू शकतात. एक सांगते, तुम्ही बहुतेकांसारखे आहात का. दुसरी सांगते, तुम्हाला धोका आहे का. दोघींच्या डोक्यावर मथळा एकच, 'नॉर्मल'.

आणि धोक्याची रेषा तरी कुठे कोरलेली असते? २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. रक्तदाब असलेल्या प्रौढांचं प्रमाण त्या देशात एका झटक्यात सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. कुणाच्याही धमनीत काही बदललं नव्हतं. पुढच्याच वर्षी युरोपातल्या तज्ज्ञांनी १४०/९० कायम ठेवली. म्हणजे १३५/८५ रक्तदाबाचा माणूस अटलांटिकच्या एका काठाला उच्च रक्तदाबाचा रुग्ण आणि दुसऱ्या काठाला नाही. मला इथे कुणाची चूक काढायची नाही. दोन्हीकडच्यांनी तेच पुरावे वाचून वेगवेगळे निर्णय घेतले, आणि निर्णय म्हणून ते समजण्यासारखे आहेत. पण 'नॉर्मल' म्हटलं की तो निर्णय आहे हेच झाकलं जातं. तो निसर्गाचा नियम वाटू लागतो.

यावर मला आजवर मिळालेलं सगळ्यात वजनदार उत्तर एका विशेष शिक्षिकेचं आहे. त्या म्हणाल्या, "रेषा पुसाल तर मदतही पुसली जाईल. माझ्या मुलांना जादा वेळ मिळतो, उपचार मिळतात, तो कागदावर काही वेगळं लिहिलेलं असतं म्हणून. सगळेच नॉर्मल, असं म्हणून टाळ्या वाजवणारे लोक मदतीच्या वेळी गायब असतात." हे खरं आहे, आणि या मुद्द्यावर मी बरेच दिवस अडून राहिले. सगळे आपापल्या परीने नॉर्मल, ही घोषणा मला मुळीच मान्य नाही. ती दुखणं नाकारते. ज्याला वाचताना अक्षरं जुळत नाहीत, त्याला 'तू नॉर्मलच आहेस' म्हणणं म्हणजे त्याची अडचण त्याच्याच पदरात टाकून निघून जाणं.

पण मदत मिळते ती कशामुळे, हे नीट पाहिलं तर उत्तर वेगळं येतं. जादा वेळ मिळतो तो 'हा मुलगा वाचायला दुप्पट वेळ घेतो' या नोंदीमुळे. 'हा नॉर्मल नाही' या वाक्याने त्या नोंदीत काय भर पडते? फक्त डाग. रेषा राहू दे, ती कशासाठी आखली ते लिहा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. तोवर लाखो माणसांना ज्या नोंदीने रोगी ठरवलं, तिच्यात त्यांना कुठलं दुखणं आहे याचा पत्ता नव्हता. ती माणसं संख्येने कमी होती, एवढाच त्या निदानाचा खरा ऐवज. 'काय त्रास होतो?' हा रकाना सक्तीने भरावा लागला असता तर ती यादी कितीतरी आधी कोसळली असती.

सरासरीचा नमुना कागदावरच किती फसवा असतो, याचे दोन दाखले अमेरिकेतलेच आहेत. १९४३ साली तिथल्या एका डॉक्टरने आणि शिल्पकाराने हजारो तरुण-तरुणींच्या मापांची सरासरी काढून दोन पुतळे घडवले, नावं नॉर्मन आणि नॉर्मा. मापं घेतलेली माणसं गोरी होती, हे ओघाने आलंच. १९४५ मध्ये क्लीव्हलंडच्या वर्तमानपत्राने स्पर्धा लावली, नॉर्माच्या मापाची स्त्री शोधा. ३,८६४ जणींनी मापं पाठवली. सगळ्या मापांत जुळणारी एकही निघाली नाही. दुसरी गोष्ट वायुदलाची. विमानातली बैठक सरासरी वैमानिकाच्या मापाने बांधलेली होती आणि अपघात होत होते. १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने त्यातली दहा मापं निवडली आणि दहाही मापांत मधल्या सुमारे तीस टक्क्यांत बसणारे किती, ते मोजलं. एकही नाही. चार हजारांत एकही नाही. वायुदलाने यातून जो धडा घेतला तो मला शहाणपणाचा वाटतो. त्यांनी सरासरी वैमानिक शोधणं थांबवलं आणि मागेपुढे सरकणारी बैठक मागवली.

शब्दाची आणखी एक करामत आहे, आणि ती उलट्या दिशेची. 'नॉर्मल' माणसाला बाहेर काढतो, तसाच तो वाईट गोष्टीला आत घेतो. जे रोज घडतं ते चालायचंच, असं तो सांगतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी गरम वायूने झिजते हे आधीच्या उड्डाणांत दिसलं होतं. पहिल्यांदा झिजली तेव्हा तो दोष होता. पुन्हा झिजली आणि यान सुखरूप परतलं. मग तेवढी झीज अपेक्षितच मानली गेली. डायान व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या साऱ्या कागदपत्रांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. कुणी जाणूनबुजून नियम मोडला नव्हता, असं त्यांना आढळलं. चुकीला प्रत्येक बैठकीत थोडं थोडं नॉर्मल करत नेलं गेलं होतं. १९४८ मध्ये ब्रिटनमधले ८२ टक्के पुरुष तंबाखू ओढत होते. मोजणीने पाहिलं तर न ओढणारा अ‍ॅबनॉर्मल. मानवजातीच्या बहुतेक इतिहासात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मोठी होण्याआधीच दगावत. ते नेहमीचं होतं. ते ठीक नव्हतं. 'नेहमीचं' आणि 'ठीक' यांना दोन वेगळे शब्द असले की ही गोष्ट एका ओळीत सांगता येते.

तसे शब्द आपल्याकडे आहेत, हे मला आशादायक वाटतं. आपण विचारतो, "प्रकृती कशी आहे?" प्रकृती म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा मूळ स्वभाव. 'स्वस्थ' म्हणजे जो स्वतःत स्थिर आहे तो. या शब्दांतली मोजपट्टी त्या माणसाच्या आतच आहे, आणि उत्तम डॉक्टर हेच करतात. लांब पल्ल्याच्या धावपटूची नाडी मिनिटाला चाळीस असली तरी ते घाबरत नाहीत. फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या काही रुग्णांत रक्तातला प्राणवायू ८८ ते ९२ टक्क्यांतच राखतात, कारण 'नॉर्मल'वर नेण्याच्या हट्टाने अपाय होतो. आजच्या आकड्याची तुलना त्याच माणसाच्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी करणं, ही जगभरच्या चांगल्या वैद्यकाची रीत आहे.

आणि मी मागते आहे ते नवंही नाही. राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस या दोघा प्रयोगशाळा-शास्त्रज्ञांनी १९६९ सालीच सुचवलं होतं की प्रयोगशाळांनी 'नॉर्मल मूल्य' म्हणू नये, 'संदर्भ मूल्य' म्हणावं. शास्त्रीय संघटनांनी ते स्वीकारलंही. तरी छापील मथळ्यात आणि तोंडात जुना शब्द राहिला. २०२१ मध्ये युनिलिव्हरने आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवरून 'नॉर्मल' काढत असल्याचं जाहीर केलं. केसांच्या शाम्पूवरून जो शब्द निघू शकतो, तो माणसाच्या रक्ताच्या अहवालावरून निघायला काय हरकत आहे?

फार मोठी सुधारणा मागत नाही. रिपोर्टावरचा 'नॉर्मल रेंज' हा मथळा काढा, 'संदर्भ पट्टा' लिहा. पट्टा कुठल्या वयाच्या, कुठल्या लोकांच्या रक्तावरून काढला ते लिहा. मोजणीवरून काढला की धोक्यावरून, ते लिहा. जागा उरली तर याच माणसाचा मागचा आकडा शेजारी छापा. आणि तळाशी, बारीक अक्षरात नको, एक ओळ: मोजणीवरून काढलेल्या पट्ट्याबाहेर वीस निरोगी माणसांपैकी साधारण एकाचा आकडा येतोच.